सायीच्या रंगाची ट्रॉली

स्वयंपाकघर म्हणजे घराचे पोट. पोट बिघडले की सारे शरीर बिघडते. स्वयंपाकघर बिघडले की सारे घर आजारी पडते. म्हणून आजचा धडा स्वयंपाकघराचा आहे.

हा धडा बायांनी वाचावा आणि बाप्यांनीही वाचावा. घरात सामान आणायचे पैसे बहुधा पुरुष मोजतात. ते सामान पुसायचे काम बहुधा बायका करतात. दोघांनी मिळून वाचले तर पैसेही वाचतील आणि कष्टही वाचतील.

१. मांडणी गेली, ट्रॉली आली

पूर्वी आपल्या घरात भिंतीला लाकडी मांडणी असे. तिच्यावर पितळेची भांडी ओळीने लावलेली असत. दुधादह्यासाठी शिंके टांगलेले असे. भिंतीत फडताळ असे. जरा बरे घर असेल तर जाळीचे कपाट असे. खाली चूल असे. बाई चुलीपुढे बसून भाकरी थापत असे.

चुलीचा धूर साऱ्या घरात कोंडायचा. भिंती काळ्या व्हायच्या. मांडणीही काळी व्हायची. अशा घरात फिकट रंग लावून काय उपयोग? महिनाभरात तो काळा पडायचा.

मग हळूहळू गॅस आला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरांतील बायकांच्या नावावर गॅसची जोडणी मिळू लागली. गॅसची शेगडी ओट्यावर ठेवतात. त्यामुळे बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. ओट्याखाली जागा मोकळी राहिली. त्या जागेत आधी कडप्प्याचे कप्पे आले. आता त्या जागेत सरकते खण येतात. त्यांनाच आपण ट्रॉली म्हणतो.

धूर गेला म्हणून फिकट रंग घरात येऊ शकला. हे लक्षात ठेवा. ज्या घरात अजून आतच चूल पेटते, त्या घराने आधी चुलीची सोय बाहेर पडवीत करावी. फिकट रंगाची ट्रॉली त्यानंतर घ्यावी. नाहीतर पैसे धुरात जातील.

२. रंगाचा वाद

एका घरी उसाचे बिल आले होते. ओटा बांधून झाला होता. आता ओट्याखाली ट्रॉली बसवायची होती. सुतारमिस्त्री रंगांचे तुकडे घेऊन आले. सासू, सून आणि मुलगा तिघेही बघायला बसले.

मुलाने एक तुकडा उचलला. तो म्हणाला, "मिस्त्री, हाच घ्या. सायीचा रंग. शहरात जिकडं तिकडं हाच बघितला."

सासूबाई म्हणाल्या, "नको रे बाबा. तेलाचा हात लागला की दिसंल. त्यापरीस हा तपकिरी घे. मळखाऊ रंग हाय."

मिस्त्री हसले. म्हणाले, "मावशी, मळखाऊ रंग मळ खात न्हाई. तो मळ झाकतो. मळ तिथंच ऱ्हातो."

"दिसला न्हाई म्हंजे झालं की!"

"तुमाला दिसत न्हाई, मावशी. झुरळाला दिसतो."

सासूबाई हसल्या. पण त्यांना ते पटले.

सून कोपऱ्यात गप्प बसली होती. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, तुमीबी बोला. रोज हात तुमचा लागनार."

सून म्हणाली, "आत्या, रंग चांगलाच हाय. आपल्या सैपाकघराला एकच खिडकी. फिकट रंगानं जरा उजेड पडंल. पर एक सांगू का?"

"सांग की."

"सकाळी सहाला भाकरी. आठला शेतात. दिवस मावळताना परत. मग पुन्ना सैपाक. सायीचा रंग रोज पुसावा लागंल. तो पुसायचा कुनी?"

मुलगा गप्प झाला. त्याने रंग डोळ्यांनी निवडला होता. पुसणाऱ्या हाताचा विचार केला नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "पोरगी खरं बोलली. मी घरातच असते. रोज राती वरून फडकं मी फिरवीन. पर घासायचं माज्यानं होनार न्हाई."

मुलगा म्हणाला, "आठवड्याचं साबणाचं पुसणं मी करीन. बाजारच्या दिवशी शेतात काम कमी असतंय. सकाळीच उरकून घेईन."

"मग भिंतीवर लिहून लाव," सासूबाई म्हणाल्या. "मला आता वाचता येतंय. तू इसरलास तर वाचून दाखवीन."

सगळे हसले. सुनेच्या चेहऱ्यावरचा भार उतरला.

मिस्त्रींनी एक तोड सुचवली. अगदी खालची पट्टी गडद रंगाची करायची. तिथे केरसुणी लागते, फरशी पुसतानाचे पाणी उडते. वरचे खण सायीच्या रंगाचे करायचे. सगळ्यांना ते पसंत पडले.

३. फिकट रंग का बरा?

दुधावरची साय बघा. ती ना धड पांढरी, ना धड पिवळी. तोच हा रंग. दुकानात त्याला क्रीम म्हणतात.

फिकट रंगावर उजेड पडला की तो परत फिरतो. गडद रंग उजेड गिळतो. म्हणून एका खिडकीच्या खोलीत फिकट रंग बरा. तांदळातला खडा दिसतो. डाळीतली कीड दिसते. खणाच्या कोपऱ्यातली झुरळाची घाण दिसते. जे दिसते ते काढता येते.

मग पांढराशुभ्र का नको? पांढऱ्यावर हळदीचा आणि तेलाचा प्रत्येक ठिपका उठून दिसतो. उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने तो काही वर्षांत पिवळा पडतो. सायीच्या रंगात पिवळी झाक मुळातच असते. त्यामुळे तो लवकर जुना दिसत नाही.

मग काळा का नको? काळ्या चकचकीत फळीवर पिठाचा हात उमटतो. पाण्याचे पांढरे डाग पडतात. म्हणजे काळा रंगही पुसावाच लागतो. न पुसता चालेल असा रंग जगात नाही.

रंगाबरोबर पृष्ठभागही बघा. हाताने चाचपून बघा. गुळगुळीत फळी एका फडक्यात पुसली जाते. खरबरीत फळीत तेल बसते. नक्षी, खाचा आणि गोल फुले कोरलेली दारे दिसायला छान. पण प्रत्येक खाचेत मळ साचतो. तो काढायला काडी लागते. ज्या घरात वेळ कमी, त्या घराने साधे, सपाट दार घ्यावे.

४. आतला माल ओळखा

रंग वरचा असतो. टिकतो तो आतला माल. म्हणून मिस्त्रीला आधी माल विचारा, मग रंग विचारा.

कडप्पा: हा काळसर दगड आहे. आंध्र प्रदेशातील कडप्पा भागावरून त्याला हे नाव पडले. तो पाण्याने फुगत नाही. त्याला वाळवी लागत नाही. ओट्याखालचे उभे आडवे कप्पे कडप्प्याचे करावेत आणि पुढे फक्त दारे किंवा खण बसवावेत. ही रीत खर्चाला आणि टिकायला दोन्हीला बरी.

प्लाय: लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून प्लाय बनतो. एक पापुद्रा उभ्या रेषांचा, दुसरा आडव्या रेषांचा. त्यामुळे तो सहजासहजी वाकत नाही. त्यावर सनमायका चिकटवतात. रंग असतो तो सनमायकाचा.

भुशाचा बोर्ड: लाकडाचा भुसा आणि चिपा गोंदात दाबून हा बनवतात. तो स्वस्त असतो. पण कडेने पाणी शिरले की फुगतो. एकदा फुगला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. त्यात स्क्रूही नीट धरत नाही. मोरीजवळ आणि भांडी घासायच्या जागेखाली तो मुळीच लावू नये.

पीव्हीसी: हे एक प्रकारचे प्लास्टिक आहे. त्याला पाणी बाधत नाही, वाळवी लागत नाही. पण ते उष्णतेने वाकते. शेगडीच्या अगदी लगत लावू नये.

लोखंडी पत्रा: रंगाचा पापुद्रा उडाला की तिथे गंज धरतो. उडालेल्या जागी लगेच रंगाचा हात द्यावा.

माल कोणताही असो, त्याची कड बघा. पाणी नेहमी कडेने शिरते. प्लायच्या आणि बोर्डाच्या चारही कडांना पट्टी लावलेली हवी. जी कड डोळ्यांना दिसत नाही, तीच बहुधा उघडी सोडलेली असते. खण बाहेर काढून खालून हात फिरवा. खरबरीत लागले तर मिस्त्रीला सांगा, "इथं पट्टी राहिली." पैसे त्यानंतर द्या.

वाळवीचेही बघा. भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर समजा वाळवी आहे. आधी वाळवीचा बंदोबस्त करा. नाहीतर नवे लाकूड तिला आयतेच मिळेल.

५. खूण वाचा

आपण वाचायला शिकलो ते कशासाठी? पोथी वाचावी, पत्र वाचावे, हे तर खरेच. पण वस्तूवरची खूणही वाचावी. ती वाचली नाही तर पैसे बुडतात.

भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिचे काम आता भारतीय मानक ब्युरो बघते. आयएसआय ही खूण तिथलीच. ज्या मालावर ही खूण असते, तो माल ठरलेल्या कसोटीला उतरलेला असावा लागतो.

प्लायच्या फळीवर छाप मारलेला असतो. त्यात "आयएस" ही इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडा असतो. आकडा ७१० असेल तर तो मरीन प्लाय. तो पाण्याला सर्वांत चांगला टिकतो. मोरीजवळच्या भागाला तोच वापरावा. कुठे "एमआर" अशी अक्षरे असतात. त्याचा अर्थ, हा प्लाय दमट हवेला टिकतो. भिजण्याला टिकतो असा त्याचा अर्थ नाही. काही दुकानदार एमआर प्लायलाच "वॉटरप्रूफ" म्हणून खपवतात. आपण अक्षरे स्वतः वाचावीत.

अक्षरे इंग्रजी आहेत म्हणून घाबरू नका. चारच अक्षरे आहेत. ती मुलाकडून किंवा शिक्षकांकडून वहीत लिहून घ्या. वही दुकानात न्या. अक्षराला अक्षर जुळवून बघा.

आयएसआय खुणेजवळ परवान्याचा क्रमांक असतो. मोबाइलवर "बीआयएस केअर" नावाचे ॲप आहे. त्यात तो क्रमांक घातला की परवाना खरा की खोटा ते कळते. घरातील शाळकरी मूलसुद्धा हे करून दाखवील.

६. रंगातले शिसे

जुने लाकडी कपाट रंगवून घेतले तर नवे घ्यावे लागत नाही. हा विचार चांगला आहे. मात्र रंगाचा डबा जपून निवडावा.

पूर्वी तेली रंगांत शिसे घालत असत. पिवळ्या रंगात तर ते विशेष असे. सायीच्या रंगात पिवळी झाक असते, म्हणून हे सांगितले. शिसे हे विष आहे. रंगाचे पोपडे निघतात. त्यांची धूळ होते. रांगणारे मूल हात तोंडात घालते. शिसे पोटात जाते. त्याने मुलाची बुद्धी मंदावते. गेलेली बुद्धी पुन्हा आणता येत नाही. शिसे किती प्रमाणात चालेल, अशी कोणतीही सुरक्षित पातळी नाही.

सरकारने याबाबत २०१६ साली नियम केला. तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. घरगुती रंगाच्या १० लाख भागांत शिसे ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये, असा तो नियम आहे. म्हणून डब्यावर शिशाबद्दल काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. बिननावाचा, सुटा रंग घेऊ नये.

जुना रंग काढताना कोरडा घासू नये. आधी पाणी मारून ओला करावा. काम अंगणात करावे. तोंडाला फडके बांधावे. लहान मुलांना आणि गरोदर बाईला दूर ठेवावे. पडलेले पोपडे ओल्या फडक्याने गोळा करावेत. ते चुलीत जाळू नयेत.

७. मापे आणि हिशोब

ओटा किती उंच असावा? जी बाई रोज काम करते, तिने सरळ उभे राहावे. कोपर वाकवावे. जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावे. त्यातून ४ ते ६ इंच वजा करावेत. तितका ओटा उंच असावा. फार उंच ओट्याने खांदे दुखतात. फार बुटक्या ओट्याने कंबर जाते. शेजारच्या घरचे माप आपल्याला चालत नाही.

सगळ्यात खालचा खण जमिनीपासून ४ इंच तरी वर असावा. म्हणजे केरसुणी खालून फिरते. पाणी साचत नाही.

जड डबे खालच्या खणात ठेवावेत. रोजची भांडी मधल्या खणात ठेवावीत. चमचे, सांडशी, उलथने वरच्या खणात ठेवावे.

आता दर. मिस्त्री दोन रीतींनी दर सांगतात. एक चौरस फुटाचा, दुसरा रनिंग फुटाचा. रनिंग फूट म्हणजे नुसती लांबी. दोन्ही दर एकच समजू नयेत.

समजा, ओटा ८ फूट लांब आहे. खालचा भाग अडीच फूट उंच आहे. तर ८ गुणिले अडीच म्हणजे २० चौरस फूट झाले. समजा, दर चौरस फुटाला ९०० रुपये आहे. तर २० गुणिले ९०० म्हणजे १८,००० रुपये झाले.

दुसरा मिस्त्री म्हणाला, "रनिंग फुटाला २,००० रुपये." तर ८ गुणिले २,००० म्हणजे १६,००० रुपये झाले. ऐकताना २,००० हा आकडा मोठा वाटला. हिशोब केल्यावर तोच स्वस्त निघाला. पण माल दोघांचा एकच आहे का, हेही विचारा. बिजागऱ्या, सरकपट्ट्या आणि मुठी दरात धरल्या आहेत का, तेही विचारा.

ठरलेले सारे कागदावर लिहून घ्या. मालाचे नाव, आकडा, मापे, दर, किती दिवसांत काम होईल ते. खाली दोघांनी सही करावी. सगळी रक्कम आधी देऊ नये. थोडी आधी, थोडी अर्ध्या कामाला, उरलेली काम तपासून द्यावी. प्रत्येक वेळी पावती घ्यावी. कर्ज काढून ट्रॉली करू नये. भांडी मांडणीवरही राहतात. कर्ज मात्र डोक्यावर राहते.

८. गॅसच्या टाकीला हवा हवी

ही गोष्ट जिवाची आहे. नीट वाचा.

ट्रॉली करताना टाकीही आत लपवावी असे वाटते. पण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही. खाली साचतो. टाकी बंद कपाटात असेल तर गॅस तिथेच साचून राहतो. मग एक ठिणगी पुरते.

म्हणून टाकीच्या कप्प्याला जमिनीलगत हवेची भोके किंवा जाळी हवीच. शक्यतो दार लावूच नये. टाकी उभीच ठेवावी. शेगडी टाकीपेक्षा उंचावर असावी. गॅसची नळी खणाच्या मागून नेऊ नये. खण सरकताना ती दाबली जाते, चेमटते. नळीवर आयएसआय खूण बघावी. पाच वर्षांनी नळी बदलावी.

वास आला तर दिव्याचे बटण लावू नका, बंदही करू नका. काडी ओढू नका. रेग्युलेटर बंद करा. दारे खिडक्या उघडा. सगळ्यांना बाहेर न्या. बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक गॅसगळतीच्या मदतीसाठीच आहे.

९. पुसायचे कसे?

फोडणी घातली की तेलाची वाफ उडते. ती फळीवर बसते. तिच्यावर धूळ बसते. दोन्ही मिळून चिकट थर होतो. आज बसलेला थर फडक्याने जातो. महिन्याचा थर नखानेही जात नाही. म्हणून थोडे पण रोज, ही खरी रीत.

रोज: स्वयंपाक आटोपला की ओले फडके घट्ट पिळून फिरवावे. लगेच कोरडे फडके फिरवावे. मुठीजवळ हात जास्त लागतो, तिथे दोनदा फिरवावे.

आठवड्याला: कोमट पाण्यात भांड्यांचा साबण थोडा घालावा. मऊ फडक्याने वरून खाली पुसावे. मग साध्या पाण्याचे फडके. मग कोरडे फडके. खणातली धूळ आधी झटकून घ्यावी.

महिन्याला: खण बाहेर काढावेत. सरकपट्ट्यांतला मळ जुन्या दात घासायच्या ब्रशने काढावा. भांडी उन्हात वाळवावीत.

हळदीचा डाग: साबण लागला की हळद लाल होते. घाबरू नका. हळदीत चुना घातला की ती लाल होते, तसेच हे आहे. डाग पाण्याने पुसून घ्यावा. राहिलेला फिका डाग उजेडाने हळूहळू उडतो. हळदीला ऊन सोसत नाही. दार निघत असेल तर ते थोडा वेळ उन्हात ठेवावे.

काय करू नये:

राख, वाळू किंवा तारेची घासणी फळीवर वापरू नये. चरे पडतात. चऱ्यांत मळ बसतो आणि फिकट रंग कायमचा काळपट होतो.

कडप्पा आणि शहाबादी फरशी हे चुनखडीचे दगड आहेत. त्यांवर लिंबू, चिंच किंवा ॲसिड टाकू नये. दगड खाल्ला जातो.

ॲल्युमिनियमच्या पट्टीला धुण्याचा सोडा लावू नये. ती काळी पडते.

संडास धुण्याचे ॲसिड आणि जंतू मारायचे ब्लीचिंगचे पाणी कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. बंद खोलीत त्याने जीवही जाऊ शकतो.

ओली भांडी खणात ठेवू नयेत. ती आधी निथळू द्यावीत. ओलीला वास येतो, लाकूड फुगते आणि झुरळे येतात.

१०. झुरळांचा बंदोबस्त

झुरळाला तीन गोष्टी हव्या असतात. फट, ओल आणि खरकटे. तिन्ही मिळाल्या की ते घर करते. गटारातून चालत आलेले झुरळ आपल्या ताटावरून चालते. त्याच्या पायांबरोबर जंतू येतात. मुलांना जुलाब होतात.

फटी बुजवाव्यात. रात्री खरकटी भांडी ठेवू नयेत. मोरी कोरडी करून झोपावे. तरीही झुरळे असली तर बोरिक पावडर, गव्हाचे पीठ आणि साखर पाण्यात मळून छोट्या गोळ्या कराव्यात. त्या मागच्या फटीत ठेवाव्यात. मुलांच्या हाताला आणि खाण्याच्या वस्तूंना त्या लागू देऊ नयेत. गोळ्या केल्यावर हात साबणाने धुवावेत.

लक्षात ठेवा

मळखाऊ रंग मळ झाकतो, काढत नाही.
आधी माल बघा, मग रंग बघा.
पाणी कडेने शिरते. कडेची पट्टी तपासा.
गॅसच्या टाकीला खालून हवा ठेवा.
वस्तू निवडताना ती पुसणाऱ्या माणसाला आधी विचारा.

प्रश्न

१. पूर्वी स्वयंपाकघरात फिकट रंग का टिकत नसे?
२. सुनेने कोणती अडचण सांगितली? घरच्यांनी त्यावर काय ठरवले?
३. "एमआर" या अक्षरांचा अर्थ काय? मोरीजवळ कोणत्या आकड्याचा प्लाय वापरावा?
४. जुना रंग कोरडा का घासू नये?
५. गॅस गळल्यावर कोणत्या दोन गोष्टी करू नयेत? फोन कोणत्या क्रमांकावर करावा?
६. हळदीच्या डागाला साबण लावला तर काय होते?

हिशोब करा

एक ओटा १० फूट लांब आहे. खालचा भाग अडीच फूट उंच आहे. पहिला मिस्त्री चौरस फुटाला ९०० रुपये सांगतो. दुसरा मिस्त्री रनिंग फुटाला २,३०० रुपये सांगतो. कोणाचे काम किती रुपयांनी स्वस्त पडेल?

करून बघा

आपल्या घरात आठवड्याची साफसफाई कोण कोणत्या दिवशी करील, ते घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. घरातल्या पुरुषांची नावेही त्यात घाला. कागद ओट्यासमोरच्या भिंतीवर लावा.